पुट्टी दर उन्हाळ्यात त्याच जागी तडकते? पुट्टी बाजूला ठेवा, आधी पत्रा दाबून बघा

लक्षण असं असतं. जुन्या गाडीचं दार, बॉनेट किंवा टप एकदा ठोकून, पुट्टी भरून, रंगवून घेतलेला असतो. पावसाळा बरा जातो, दिवाळीला गाडी चकचकीत दिसते. मार्च उजाडला की त्याच जागी केसाएवढी रेघ उमटते, मे महिन्यात ती वीतभर होते आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथला रंग उचलायला लागतो. रेघेच्या आसपास अंगठ्यानं दाबलं तर पत्रा ‘टक्’ करून आत जातो, सोडला की ‘टक्’ करून बाहेर येतो. मालक पुन्हा पेंटरकडे जातो, पेंटर पुन्हा पुट्टी भरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सांगलीत कुपवाड रस्त्याला माझी शेड आहे. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये गावभागातले एक निवृत्त सर त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही गाडी त्यांच्या वाड्यासमोर उभी होती. पाणी दाराच्या हँडलला लागलं आणि काही दिवस उतरलंच नाही. पूर ओसरला, पण दाराच्या पोटात गाळ बसून राहिला आणि खालची कड आतून सडली. मग एका गॅरेजमध्ये सडका भाग काढून नवीन पत्र्याची पट्टी जोडून घेतली, पुट्टी, रंग सगळं झालं. पुढच्या उन्हाळ्यात तडा. दुसऱ्याकडे नेली, खरवडून पुन्हा पुट्टी, पुन्हा तडा. तिसऱ्या वेळी महागातली पुट्टी आणून दिली, तीही तडकली. माझ्याकडे आली तेव्हा तडा जोडाच्या चार बोटं वर, दाराच्या मधोमध आडवा गेलेला होता.

सरांचा पहिला प्रश्न, “तुम्ही पुट्टी कोणत्या कंपनीची वापरता?”

मी म्हटलं, “पुट्टीचं मागाहून बघू सर, आधी दार दाबून बघू द्या.”

पद्मिनीचं काम आलं की मी मनापासून घेतो. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज ज्या वालचंद हिराचंदांच्या नावानं आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्यामुळे ही गाडी मला परकी वाटत नाही. शिवाय नवीन दार दुकानात जाऊन विकत आणायची सोय आता उरलेली नाही. मुंबईच्या रस्त्यांवरूनही पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. जे दार आहे तेच वाचवावं लागतं.

आधी दोन गोष्टी बाजूला काढा

त्याच जागी रंग पुन्हा खराब होण्याची कारणं तीन-चार असतात आणि वरवर पाहिलं तर ती सारखीच दिसतात. रंगाखाली फोड आला असेल, तो नखानं फोडला की आत तपकिरी पाणी किंवा गंजाची भुकटी निघत असेल, तर पत्रा आतून सडतोय. तिथं ठोकाठोकी करून काही होणार नाही, सडका भाग कापावाच लागतो. मोहरीएवढे बारीक फोड पुष्कळ असतील आणि खाली पत्रा स्वच्छ असेल, तर पुट्टीत ओल राहिली आहे. पॉलिएस्टर पुट्टी पाणी धरून ठेवते. ती पाणी मारून घासली आणि लगेच प्रायमर मारला की ओल आतच कोंडते.

पण तडा लांब, सरळ किंवा थोडा वळलेला असेल, फोड नसतील आणि दाबल्यावर आवाज येत असेल, तर पत्रा हलतोय. हलणाऱ्या पत्र्यावर कोणत्याही कंपनीची पुट्टी टिकत नाही. पुट्टी वाळली की ताठ होते, पत्रा मात्र दिवसातून दोनदा आतबाहेर होत राहतो.

पुट्टी किती जाड भरली आहे हे बघायला मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून वापरतो. चुंबक सरकवत नेलं की जिथं पकड सुटते, तिथं खाली जाड थर आहे. सरांच्या दारावर मधल्या भागात चुंबक सरळ खाली पडलं. खरवडल्यावर तिथला थर कॅलिपरनं मोजला, तो ५ मिलिमीटर भरला. पत्रा ०.९ मिलिमीटरचा आणि त्यावर पाचपट जाड पुट्टी.

ढिला पत्रा म्हणजे काय

खड्डा दिसला की मनात येतं, इथं काहीतरी कमी आहे, भरलं पाहिजे. पत्र्याच्या बाबतीत हिशोब उलटा असतो. टक्-टक् करणाऱ्या जागी पत्रा जागेच्या मानानं जास्त झालेला असतो. त्याला मावायला जागा नसते, म्हणून तो एकदा आत वळतो, एकदा बाहेर.

आणि हे ‘जास्त’ किती लागतं? ३० सेंटिमीटर लांबीत पत्रा फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढा जास्त झाला आणि दोन्ही टोकं धरलेली असली, तर मधोमध फुगवटा ३ मिलिमीटरच्या वर जातो. ०.१ चा आकडा कमी वाटतो, पण चापाचा हिशोब करून बघितलात तर फुगवटा तेवढाच येईल. म्हणून मोजपट्टीनं लांबी मोजून ढिलेपणा सापडत नाही. तो हातालाच लागतो.

उन्हाळ्यात तडा का जातो तेही यातच आहे. लोखंडी पत्रा एका अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. पहाटे पत्रा २५ अंशांवर असेल आणि दुपारी उन्हात गडद रंगाचं दार ६५ अंशांपर्यंत तापलं, तर मीटरभर पत्रा जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. दाराची आतली चौकट सावलीत असते, ती तेवढी वाढत नाही. बाहेरचा पत्रा तिच्यावर दुमडून बसवलेला, त्यामुळे वाढलेला पत्रा मधल्या भागात फुगतो. निरोगी दार हे सहज सोसतं, कारण त्याला मुळात हलका गोलवा असतो आणि सगळा पत्रा एकाच दिशेनं फुगतो. आधीच ढिला पडलेला पत्रा मात्र उडी मारतो. तडा त्या उडीनं जातो.

अँबॅसिडरच्या मडगार्डला हा आजार फारसा होत नाही. तो दोन्ही दिशांनी चांगला गोल आहे, गोलाईच त्याला धरून ठेवते. पद्मिनीचं दार, बॉनेट, टप ही सपाट कामं, तिथं चूक लपत नाही.

ढिला कुठे दिसतो आणि दोष कुठे असतो

बहुतेक जण चुकतात ते इथंच, आणि या दारावर मीही चुकलो.

पत्रा ढिला पडायची कारणं तीन. एक, तो खरंच ताणला गेला आहे. मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, लावून त्याच जागी हातोडी मारत राहिलं की दोन लोखंडांमध्ये पत्रा चेपतो, पातळ होतो, पसरतो. तांबट हंडा घडवतो ते याच युक्तीनं. त्याला पसरवायचं असतं, आपल्याला नसतं. दोन, पत्रा ताणलेला नाही, पण शेजारी एखादी कडक घडी अडकून बसली आहे आणि ती त्याला सरळ होऊ देत नाही. तीन, शेजारचा पत्रा आखडला आहे. आखडतो तो मुख्यत्वे वेल्डिंगनं.

तिन्हींमध्ये अंगठ्याखाली ‘टक्’ तसाच येतो. उपाय मात्र वेगवेगळे, किंबहुना उलटे. पहिल्यात ढिली जागा तापवून आखडवायची. दुसऱ्यात घडी सोडवायची, ढिल्या जागेला हातही लावायचा नाही. तिसऱ्यात आखडलेली जागा हातोडीनं पसरवायची.

सरांच्या दारावर हातोडीचे जुने घाव दिसत होते. मी धरून चाललो की आधीच्या लोकांनी ठोकून ठोकून पत्रा ताणला. गॅसचा सगळ्यात बारीक नोजल लावून ढिल्या जागेवर चार ठिपके तापवले, ओल्या फडक्यानं विझवले. संध्याकाळी दार घट्ट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता दाबून बघतो तर आवाज पहिल्यापेक्षा मोठा, आणि हँडलच्या बाजूला आणखी एक ढिली जागा तयार झालेली. मी चांगल्या पत्र्याला आखडवलं होतं. एका जागेचा दोष दोन जागी नेऊन ठेवला होता.

मग मिरजेहून माझ्या उस्तादांना घेऊन आलो. त्यांनी आता हातोडी सोडली आहे, गुडघे साथ देत नाहीत. खुर्ची दारासमोर मांडून दिली. त्यांनी पत्र्याला हात लावायच्या आधी दाराचं आतलं कव्हर काढायला सांगितलं, मला आत हात घालायला लावला.

“जोडावर आतून अंगठा लाव. आता हळूच बाहेर ढकल. मी वरती दाबतो.”

मी जोडावर जोर दिला, त्यांनी वर दाबलं. आवाज नाही. मी अंगठा काढला. टक्. पुन्हा लावला. गप्प.

“मारायच्या आधी चार ठिकाणी दाबून बघायचं, हे तुला शिकवलं होतं ना?”

शिकवलं होतं.

ही परीक्षा दोन माणसांची आहे. एकानं ढिल्या जागेवर अंगठा ठेवायचा आणि टक्-टक् करत राहायचं. दुसऱ्यानं आसपास वीतभर अंतरात दिसेल त्या घडीवर, उंचवट्यावर, जोडावर, कडेवर आळीपाळीनं हलका जोर द्यायचा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. ज्या जागी जोर दिल्यावर आवाज थांबतो, दोष तिथं आहे. तिथं खडूनं फुली मारा. सगळीकडे दाबूनही आवाज थांबला नाही, तरच ‘पत्रा ताणलाय’ म्हणा. एवढ्या कामाला दहा मिनिटं लागतात. ती मी वाचवली आणि दोन दिवस घालवले.

जोड आखडतो म्हणजे काय होतं

वेल्डिंगची रेघ वितळते तेव्हा तिला फुगायचं असतं, पण बाजूचा गार पत्रा तिला जागा देत नाही. मग ती लांबीत न वाढता जाडीत वाढते. गार होताना मात्र ती मोकळेपणी आखडते आणि मुळापेक्षा आखूड होते. सरांच्या दाराचा जोड सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर लांब, जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून सीओटूनं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या वेल्डिंगनं) एका दमात ओढलेला. सगळी रेघ एखाद्या आवळलेल्या नाडीसारखी झाली होती. वरच्या पत्र्याची लांबी होती तेवढीच राहिली, खालची रेघ आखूड झाली. मधला पत्रा जाणार कुठं? चार बोटं वर जाऊन फुगला. त्या पत्र्याचा काही गुन्हा नव्हता आणि चार वर्षं सगळे त्याच्यावरच इलाज करत होते. मीसुद्धा.

जोड जर टोकाला टोक लावून केलेला असेल आणि मागून डॉली पोचत असेल, तर कापायची गरज नाही. वेल्डचा उंचवटा दोन्ही बाजूंनी घासून पत्र्याच्या जवळपास आणायचा. मागे डॉली घट्ट धरायची आणि रेघेवर व तिच्या दोन्ही बाजूंना करंगळीभर रुंदीत हलके, एकसारखे घाव मारत जायचं. डॉली बरोबर खाली असेल तर आवाज ‘टण्’ असा स्वच्छ येतो, सरकली असेल तर ‘ठप्प’. त्या आवाजावरच काम चालतं, कारण मागचं डोळ्यांना दिसत नाही. दहा-पंधरा घाव झाले की थांबून ढिली जागा दाबायची. ती हळूहळू शांत होत जाते. शांत झाली की त्या क्षणी हातोडी खाली ठेवायची. आणखी चार घाव मारले की जोडच ढिला पडतो. सीओटूचा वेल्ड कडक असतो, न घासता मारलात तर हातोडी उसळते आणि बाजूच्या पत्र्यावर चंद्रकोरी उमटतात. गॅसचा किंवा आर्गनचा वेल्ड मऊ, तो चांगला पसरतो.

पण सरांच्या दारात पत्र्यावर पत्रा होता. दोन थर एकदम पसरत नाहीत, शिवाय मधल्या फटीत पाणी शिरून गंज सुरू झाला होता. कापणं आलं.

कापण्याआधी एक गोष्ट मुद्दाम केली. जोडावर सुईनं पाच उभ्या रेघा ओरखडल्या, अर्धी रेघ जोडाच्या वर, अर्धी खाली. मग १ मिलिमीटरचं कटिंग व्हील लावून जोडाच्या जरा वरून कापत निघालो. सर शेजारी उभे होते. शेवटचा हातभर भाग राहिला असताना दारातून ‘टण्ण’ असा मोठा आवाज आला. सर दचकून मागे सरले. त्यांना वाटलं काहीतरी मोडलं. मी ग्राइंडर बंद केला आणि मधला पत्रा दाबला. आवाज नाही. फुगवटा नाही. माझ्या चार ठिपक्यांनी तयार झालेली हँडलजवळची जागा थोडी हलत होती, पण चार वर्षांची जुनी जागा अगदी निवांत बसली होती. टोकाकडच्या दोन रेघांचे वरचे आणि खालचे अर्धे आता जुळत नव्हते, पाव मिलिमीटरच्या आसपास सरकले होते. सर खाली वाकून भिंगातून ती सरकलेली रेघ बराच वेळ बघत बसले.

नवी पट्टी

पत्रा २० गेजचा घेतला, म्हणजे ०.९१ मिलिमीटर. मूळ पत्र्यापेक्षा जाड पत्रा ‘मजबूत होईल’ म्हणून लावू नका. जाड आणि पातळ पत्रा वेगवेगळे तापतात, पातळ बाजू जळते आणि जास्त आखडते.

जोड कुठं घ्यायचा हे वेल्डिंगपेक्षाही महत्त्वाचं. सपाट भागाच्या मधोमध जोड घेतला तर तो आखडणार आणि त्याला धरून ठेवायला काही नाही. शक्यतो दाराच्या लांबीनं जाणाऱ्या उठावाच्या रेषेजवळ, वळणाजवळ किंवा अगदी खालच्या कडेजवळ घ्या. आधीचा जोड कडेपासून वीतभर वर, नेमका सपाटीत होता. आता जुना जोड काढल्यामुळे जागा बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण पट्टीचे कोपरे तरी गोल केले. काटकोनातला कोपरा दोन बाजूंनी आखडतो आणि तिथंच फुगवटा धरतो.

पट्टी आधी वाकवून, खालची दुमड तयार करून, दाराच्या गोलव्याशी जुळवून घेतली. बाहेरच्या बाजूला स्टीलची लांब मोजपट्टी टेकवून उजेड कुठून येतो ते बघत गेलो. हे जुळवणं एक पूर्ण दिवस खातं आणि खाऊ द्यावं. जी पट्टी चिमट्यानं ओढून जागेवर आणावी लागते ती वेल्ड केल्यावर सूड घेतेच.

कडांमध्ये वायरएवढी फट, ०.८ मिलिमीटर. पहिला टाका, म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, मधोमध, मग दोन टोकांना, मग प्रत्येक अंतराच्या मध्ये, असं करत टाके तीन सेंटिमीटरवर आले. प्रत्येक टाक्यानंतर बोट ठेवता येईल इतका पत्रा गार होऊ दिला. गार झाला की टाका घासायचा, मागे डॉली, चार हलके घाव, पुढचा टाका लांबच्या जागी. ओळीनं शेजारी शेजारी टाके मारलेत तर उष्णता साठते आणि जुनीच कथा पुन्हा सुरू होते. या जोडाला मला पावणेदोन दिवस लागले. मागच्या गॅरेजमध्ये हे काम अर्ध्या तासात झालं असणार.

टाक्यांमधल्या सगळ्या फटी भरून झाल्यावर मधली जागा दाबली तर अगदी हलकी हालचाल होती. जोडाच्या मधल्या तिसऱ्या भागात वीसेक घाव डॉलीवर मारले, ती गेली.

आता खरंच ताणलेल्या पत्र्याचं

हँडलजवळची जागा उरली होती. ती माझ्याच आखडवलेल्या ठिपक्यांमुळे झालेली, म्हणून त्या चार ठिपक्यांवर डॉली लावून हलके घाव मारले, तेवढ्यानं ती बसली. पण ज्यांच्याकडे पत्रा खरोखर ताणलेला आहे त्यांच्यासाठी आखडवायची रीत सांगतो, कारण ती बरीच जणं फार मोठ्या ज्योतीनं करतात.

आधी सुरक्षेचं. बॅटरी सोडवा. आतलं कव्हर, नमदा, रबर, वायरिंग काढा. आतल्या बाजूला डांबराचा थर असेल तर तो खरवडा, तो पेट घेतो. पेट्रोलची टाकी किंवा पाईप जवळ असेल तर उतरवा. ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

फुगवट्याचा सगळ्यात उंच बिंदू शोधा. हरभऱ्याएवढा ठिपका, फार तर वाटाण्याएवढा, काळपट लाल होईपर्यंत झटकन तापवा. ज्योत रेंगाळली की उष्णता पसरते आणि सगळा पत्राच फुगतो. लाल झाला की ठिपका वर उचलला जातो. मागे डॉली हलकी टेकवून लाकडी मोगरीनं आधी ठिपक्याभोवती, मग ठिपक्यावर दोन-तीन घाव. जोर नको. लाली गेली की ओलं फडकं. सर विचारत होते, पाण्यानं पत्रा कडक होऊन चिरणार नाही का? नाही. गाडीच्या पत्र्यात कार्बन इतका कमी असतो की पाण्यानं विझवून तो हत्याराच्या पोलादासारखा कडक होत नाही.

एक ठिपका झाला की पूर्ण गार होऊ द्या आणि मग दाबून बघा. गरम पत्र्यावरून काही ठरवू नका. दुसरा ठिपका पहिल्यापासून दोन बोटं लांब. बहुतेक दारांना तीन ते पाच ठिपके पुरतात. त्याहून जास्त लागायला लागले तर थांबा आणि दाबायची परीक्षा पुन्हा करा, तुम्ही चुकीच्या जागी असायची शक्यता मोठी.

ज्यांच्याकडे गॅस नाही त्यांना स्टेनलेस स्टीलची सपाट चकती ग्राइंडरला लावून काम करता येतं. ती फक्त उंच जागांवर घासते, घर्षणानं त्याच जागा तापतात, मग ओलं फडकं. नवशिक्याला हे सोपं, कारण खोलगट जागेला ती शिवतच नाही. मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच, चकतीची कड सुरीसारखी असते.

अडकलेल्या घडीबद्दल थोडक्यात. बॉनेटला कुणी कोपर टेकवलं, टपावर कुणी बसलं, की मधोमध खोलगट होतं आणि कडेला चंद्रकोरीसारखी कडक घडी उमटते. लोक खोलगट जागा मागून ठोकतात. घडी तशीच राहते आणि पत्रा ढिला पडतो. आधी आतून खोलगट भागावर हाताचा हलका दाब ठेवायचा आणि त्याच वेळी बाहेरून घडीच्या उंच कडेवर, तिच्या दोन्ही टोकांपासून मध्याकडे येत, सपाट चमच्यानं (पत्राकामाचं चमच्यासारखं लोखंडी हत्यार) हलके फटके द्यायचे. डॉली खाली नको. घडी सुटली की खोलगट जागा पुष्कळदा स्वतःच वर येते.

पुट्टी, पण शेवटी

काम झालं हे डोळ्यांनी ठरवू नका. पत्र्यावर पातळ सुती फडकं टाका आणि त्यावरून तळहात सपाट, लांबीच्या दिशेनं फिरवा. बोटांच्या टोकांनी नाही. मग पत्रा ओला करून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. नळीची कड जिथं वाकडी होते तिथं अजून काम आहे.

सरांच्या दाराला उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर मारला आणि एक गोष्ट मुद्दाम केली, आठवडाभर दार तसंच ठेवलं. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला रोज दाबून बघितलं. एप्रिलचं ऊन होतं. सातही दिवस आवाज आला नाही, तेव्हाच पुट्टी कालवली. शंभर ग्रॅमला हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारी पेस्ट, दोन ग्रॅमच्या आसपास, ऊन जास्त असेल तर जरा कमी. थर मिलिमीटरभराच्या आत राहिला. घासायचं कोरडंच. पावसाळ्यात हे काम घेऊच नका. पुराच्या दिवसांत सांगलीची हवा इतकी दमट असते की उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. ती गाळानं, जुन्या पुट्टीनं किंवा रंगानं बुजलेली सापडतात. तारेनं मोकळी करा. दुमडीला सीलर भरताना ती पुन्हा बुजवू नका. आतून जोडावर प्रायमर आणि मेण जाईल तिथवर फवारा, कारण आत सडलेलं दार बाहेरून कितीही नीट केलं तरी पुन्हा येणार.

या वर्षीच्या मे महिन्यात सर गाडी घेऊन मुद्दाम दुपारी आले, दार उन्हाकडे करून लावली आणि मला बाहेर बोलावलं. त्यांनी स्वतःच अंगठ्यानं खालपासून वरपर्यंत दाबत नेलं, मग कान पत्र्याला लावून पुन्हा एकदा दाबलं. पत्रा हाताला चटका देण्याइतका तापलेला होता. काही वाजलं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढून जोडाची जागा शोधायचा प्रयत्न केला. ती त्यांना सापडली नाही. शेवटी मी बोट ठेवून दाखवली.